आपलं रक्त पिऊन डास मेला तर? आयव्हरमेक्टिन, हिवताप आणि आपला नाशिक जिल्हा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. माणसाने गोळी घ्यायची आणि त्याला चावलेला डास मरायचा, अशी हिवतापावरची एक वाट सध्या चर्चेत आहे. औषध जुनंच आहे, आयव्हरमेक्टिन. खरजेला, जंतांना आणि गुरांच्या गोचिडांना वर्षानुवर्षं वापरतात तेच. केनियाच्या किनारपट्टीवर क्वाले भागात याची मोठी चाचणी झाली आणि जुलै २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. गावच्या गावांना महिन्यातून एकदा, असं लागोपाठ तीन महिने औषध दिलं, वजनाच्या दर किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमधली हिवतापाची लागण २६ टक्क्यांनी उतरली. औषधी मच्छरदाण्या तिथे आधीच वापरात होत्या, म्हणजे ही घट त्यावरची.

मला हे फार मोलाचं वाटतं. फवारणीला डास पूर्वीसारखे दाद देत नाहीत. मच्छरदाणी रात्री झोपल्यावरची. आमच्या हरसूलकडे संध्याकाळी ओट्यावर बसलं की पायाला डास लागतातच.

दोन प्रश्न. तुम्हाला काही झालेलं नसताना, केवळ गल्लीतल्या पोरांना हिवताप होऊ नये म्हणून तुम्ही ही गोळी घ्याल का? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: आपल्या खेड्यात डास माणसापेक्षा गुरांना जास्त चावतो. मग गोठ्यातल्या जनावरांनाच हे टोचलं तर?

सिडकोची_मनीषा
चांगला विषय. पण दादा, आमच्याकडे सिडकोत हिवतापापेक्षा डेंगीचीच भीती जास्त. पावसाळा लागला की प्रत्येक इमारतीत कोणी ना कोणी प्लेटलेट मोजत असतं. त्यावर चालेल का ही गोळी?

तर्कटी
पुन्हा आयव्हरमेक्टिन! २०२१ च्या मे महिन्यात गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना हीच गोळी द्यायची घोषणा झाली होती. आपल्याकडेही घरोघरी पाकिटं पोचली. पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही. एकदा हात पोळलेला असताना लोकांनी दुसऱ्यांदा का विश्वास ठेवावा? शिवाय २६ टक्के म्हणजे काय? चारातला एक वाचला, तीन पडलेच.

अनुजा_सूक्ष्मजीव
@तर्कटी, राग समजू शकते. पण कोविड विषाणू आहे आणि डास कीटक. कीटकांच्या चेतापेशींत ग्लुटामेटवर उघडणारे क्लोराइडचे मार्ग असतात. आयव्हरमेक्टिन तिथे चिकटतं आणि कीटक लुळा पडतो. माणसात हे मार्ग नाहीत. त्यांच्याशी नातं सांगणारे आहेत ते मेंदूत, आणि औषधाला मेंदूत शिरू न देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. काही कॉली जातीच्या कुत्र्यांमध्ये ती यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते, म्हणून त्यांना हे औषध जिवावर बेततं.

आता २६ टक्क्यांबद्दल. हिवतापाचा परजीवी रोग्याच्या रक्तातून डासाच्या पोटात गेला की लगेच दुसऱ्याला जात नाही. त्याला डासाच्या अंगात वाढून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस जगणाऱ्या माद्या मुळातच थोड्या, आणि हिवताप पसरवतात त्या याच म्हाताऱ्या माद्या. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते. म्हणजे म्हातारपण गाठेपर्यंत तिला चार-पाच वेळा कोणाला तरी चावावंच लागतं. त्यातल्या एखाद्या वेळी रक्तात औषध असलं की तिचं आयुष्य तिथेच तुटतं. सगळे डास मारायची गरजच नाही, म्हातारे होऊ द्यायचे नाहीत एवढंच.

मर्यादाही सांगते. औषधाचं रक्तातलं प्रमाण काही दिवसांतच उतरतं. महिन्याला एक डोस दिला तरी महिन्यातले बरेच दिवस डासांना मोकळे मिळतात. बुर्किना फासोत दर तीन आठवड्यांनी दिलं तेव्हा लहान मुलांमधले हिवतापाचे प्रसंग २० टक्क्यांनी घटले. ते निकाल २०१९ चे. गिनी-बिसाऊच्या बेटांवर हिवतापाच्या दुसऱ्या औषधाबरोबर जोडून दिलं, तिथे वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे सगळीकडे एकच उत्तर नाही.

@मनीषाताई, डेंगीचा एडिस डास या औषधाला हिवतापाच्या अॅनाफिलीस डासापेक्षा बराच चिवट आहे. माणसाला सुरक्षित असलेल्या डोसात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तुमच्या इमारतीसाठी टाकी, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, हेच.

सातपूरकर
माहितीपूर्ण प्रतिसाद. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

द्राक्षवाला_निफाड
अनुजाताईंनी छान उलगडलं. आमच्या बागायतदार लोकांना हे औषध अनोळखी नाही बरं का. लाल कोळी या किडीवर आम्ही अबामेक्टिन मारतो, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे नि अळीवर इमामेक्टिन. सगळी एकाच घराण्यातली. जमिनीतल्या एका जिवाणूपासून निघालेली.

त्या अनुभवावरून बोलतो. छाटणीनंतर पानाच्या खालच्या बाजूला भिंग लावून बघा. शिरेच्या कडेला कोळी फिरताना दिसतो, बारीक जाळी दिसती. अबामेक्टिनची पहिली फवारणी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो जागच्या जागी आखडलेला असतो, मेल्यासारखा नाही, लुळा. पण शेजारच्याने बघून, त्याच्या शेजारच्याने बघून, सगळ्यांनी तेच तेच मारलं की दोन-चार हंगामांत कोळी हसायला लागतो. थ्रिप्सचंही तेच झालं. मग औषधाचा गट बदलावा लागतो. डासाला पण हीच सवय लागणार नाही कशावरून? हिवतापासाठी द्यायचं ठरलं तर पहिल्या दिवसापासून त्याला जोडीदार औषध हवं.

तर्कटी
@द्राक्षवाला, हे पटलं. याच मुद्द्यावर मीही येणार होतो.

अनुजा_सूक्ष्मजीव
@द्राक्षवाला दादा, अगदी बरोबर. म्हणूनच दुसऱ्या औषधांचाही शोध चालू आहे. निटिसिनोन नावाचं एक औषध टायरोसिनेमिया आणि अल्काप्टोनुरिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारांवर दिलं जातं. रक्त म्हणजे नुसती प्रथिनं. ती पचवताना डासाच्या पोटात टायरोसिन या अमिनो आम्लाचा ढीग साचतो आणि तो मोडायला एक विकर (एन्झाइम) लागतं. निटिसिनोन ते विकर बंद पाडतं, आणि डास स्वतःच्याच जेवणाने मरतो. २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं की हे औषध घेतलेल्यांचं रक्त अॅनाफिलीसला मारतं, कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या डासांनासुद्धा. रस्ता पूर्ण वेगळा असल्यामुळे जोडीदार म्हणून त्याच्याकडे आशेने बघता येतं. गावपातळीवरच्या चाचण्या मात्र अजून व्हायच्या आहेत.

तुम्ही जिवाणूचं म्हणालात म्हणून थोडं अवांतर: जपानमधल्या इतो शहरातल्या कवाना इथे गोल्फच्या मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा यांनी उचलली, त्यातून तो जिवाणू मिळाला. त्यातलं औषध हाती लागलं ते विल्यम कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत. दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा वाटा चीनच्या तू यूयू यांना, हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी.

पुणेरी_पण_प्रेमळ
आमच्या पुण्याला विसरू नका! आर-२१ ही हिवतापाची लस पुण्यातच तयार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.

सातपूरकर
@पुणेरी, तुमची लस आणि आमची मिसळ, दोन्ही जगाच्या कामाच्या. :)

पुणेरी_पण_प्रेमळ
मिसळीवर धागा काढला तर पाचशे प्रतिसाद होतील, इथे नको. :) गंभीरपणे सांगायचं तर ती लस फाल्सिपेरम या प्रकारच्या हिवतापासाठी, आणि आजवर मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. आपल्याकडे व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकारही भरपूर. म्हणून लस आहे तर बाकी कशाला, असं नाही म्हणणार.

जनावरांचा_डॉक्टर
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. गुरांना हे औषध देण्यात नवीन काही नाही. एक टक्क्याचं इंजेक्शन, ५० किलो वजनाला १ मिली, कातडीखाली. गोचीड, उवा, खरूज, गोल जंत, सगळ्यांवर चालतं. टोचलेल्या गायीचं रक्त प्यायलेला डास मरतो किंवा कमी जगतो, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि आपल्या ग्रामीण भागातला मुख्य वाहक अॅनाफिलीस क्युलिसिफेसिस हा गुरांचाच भोक्ता. दिवसा गोठ्यात भिंतीला, गव्हाणीच्या अंधारात बसलेला सापडतो.

अडचण दुधाची आहे. औषध चरबीत विरघळतं, म्हणून दुधात उतरतं. दुभत्या गायीला टोचून दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालणं चुकीचं आहे, आणि हे होतं, डोळ्यांनी बघितलंय. याच घराण्यात एप्रिनोमेक्टिन नावाचं औषध आहे, ते दुधात फारच कमी उतरतं, त्यामुळे दूध टाकून द्यावं लागत नाही. पण ते महाग पडतं.

आणि हात जोडून सांगतो: जनावरांच्या बाटलीतलं औषध कोणीही माणसाने घेऊ नये. कोविडच्या काळात माझ्याकडे येऊन मागणारे लोक होते. त्यातली तीव्रता वेगळी, सोबतची द्रावणं वेगळी.

सटाण्याची_शेती
शेणाचं कोणी बोलेना म्हणून लिहिते. हे औषध बऱ्याच अंशी जसंच्या तसं शेणावाटे बाहेर पडतं. मग त्या शेणात माश्यांच्या अळ्या जगत नाहीत, आणि शेण मातीत नेणारे शेणकिडेही जगत नाहीत. नाला-ओढ्यात गेलं तर पाण्यातल्या बारीक जिवांना अतिशय घातक. आम्ही देशी गायीच्या शेणावर जीवामृत करतो. गावातली सगळी गुरं एकाच आठवड्यात टोचली तर त्या शेणाचं काय करायचं, हे आधी ठरवायला नको का? माणसं वाचायलाच हवीत, पण मातीची किंमत मोजून नको.

गोदाकाठ
@सटाण्याची_शेती, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आभार. @डॉक्टर, मग फक्त भाकड गायी, बैल आणि कालवडींना दिलं तर? दुधाचा प्रश्न सुटतो ना?

जनावरांचा_डॉक्टर
दुधाचा सुटतो, डासाचा अर्धाच. गोठ्यातली निम्मी गुरं टोचायची राहिली तर डासाला निम्मी जेवणं निर्धोक. पण मघाशी अनुजाताईंनी सांगितलेला हिशोब धरा: मादीला चार-पाच जेवणं लागतात. निम्मी जनावरं औषधाची असली तरी चारही वेळा सुटणं अवघडच. म्हणून अगदी टाकाऊ कल्पना नाही. टोचलेल्या गुरांचं शेण वेगळ्या ढिगात, उन्हात पसरून. उन्हाने हे औषध लवकर मोडतं. ओल्या खड्ड्यात दाबलं तर बराच काळ राहतं.

जुना_आरोग्यसेवक
सगळं वाचलं. पेठ-सुरगाण्यात नोकरी झाली, पाड्यापाड्यावर जाऊन बोटाला टोचून तपासणीसाठी रक्ताची काचपट्टी घेणं हेच काम. त्यावरून चार गोष्टी लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट. गोळी 'गावाला' द्यायची म्हणता, पण गाव असतं कुठे? दिवाळीनंतर आमचे निम्मे पाडे रिकामे. निफाड-दिंडोरीच्या बागांवर, नाहीतर गुजरातेत. महिन्याला एक याप्रमाणे तीन डोस, म्हणजे तीन वेळा तोच माणूस सापडायला हवा. बागेच्या कडेला खोपट करून राहणाऱ्यांची नोंद गावच्या यादीत नसते आणि बागेच्या गावच्या यादीतही नसते. हिवताप सर्वात जास्त वाहून आणतो-नेतो तो याच माणसांच्या अंगातून, आणि गोळी सर्वात आधी चुकते ती त्यांचीच.

दुसरी. हत्तीरोगासाठी काही जिल्ह्यांत तीन औषधं एकत्र देतात, डीईसी, अल्बेंडाझोल आणि हेच आयव्हरमेक्टिन. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये दिली होती. म्हणजे सरकारी यंत्रणेला ही गोळी वाटण्याची सवय आहे. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, फार आजारी माणूस यांना द्यायची नाही. आणि समोर उभं राहून गिळायला लावायची, हातात देऊन पुढे जायचं नाही. हातात दिलेल्या गोळ्या पुढे चुलीमागच्या कोनाड्यात सापडतात.

तिसरी, माझ्या मनाला सगळ्यात लागणारी. आपल्याकडे आधीच हाताशी असलेलं औषध पूर्ण घेतलं जात नाही. व्हायव्हॅक्स हिवतापाला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. चौथ्या दिवशी माणूस कामावर. यकृतात दडलेले परजीवी तसेच राहतात आणि काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा फणफणतो, पुन्हा डासांना खाद्य. नवीन गोळीचं स्वागतच, पण चौदा दिवसांची ती गोळी रोज संध्याकाळी समोर बसून देणारी आशाताई मला त्याहून मोठी वाटते.

चौथी, शहरातल्यांसाठी. शहरी हिवतापाचा डास अॅनाफिलीस स्टीफन्सी, तो स्वच्छ पाण्यात वाढतो. गच्चीवरची टाकी, बांधकामावरचे हौद, विहिरी. टाकीचं झाकण उघडून तिरका टॉर्च मारा. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी, सपाट पडलेली अळी दिसली तर ती अॅनाफिलीसची. डोकं खाली करून तिरपी लटकलेली असेल तर क्युलेक्स किंवा एडिसची. सावली पडली की सगळ्या बुडी मारतात, म्हणून हालचाल न करता मिनिटभर थांबायचं.

अनुजा_सूक्ष्मजीव
काका, तुमचा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका ना. आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन.

तर्कटी
काकांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१. माझा विरोध थोडा मवाळ झाला, पण मूळ हरकत राहतेच. आजाऱ्याला औषध देणं वेगळं. धडधाकट माणसाला, ज्याचा स्वतःचा त्या गोळीने थेट बचाव होत नाही, कारण त्याला डास चावतोच, मरतो नंतर, अशा माणसाला गोळी घे म्हणून सांगायचा हक्क कोणाला? ७० किलोच्या माणसाला ४०० मायक्रोग्रॅमने २८ मिलिग्रॅम होतात, खरजेच्या नेहमीच्या डोसाच्या दुप्पट.

सिडकोची_मनीषा
@तर्कटी, मी घेईन. डॉक्टरांनी तपासून, समजावून सांगितलं तर नक्की घेईन. आपण मुलांना गोवराची लस देतो ती फक्त आपल्या मुलासाठी नसते. शेजारी तान्हं बाळ असतं, कोणी कर्करोगाचे उपचार घेत असतं. चाळीत वाढलेय, एकमेकांसाठी एवढं करणं आम्हाला जड वाटत नाही. सक्ती मात्र नको.

अनुजा_सूक्ष्मजीव
आणि घेणाऱ्याला काहीच मिळत नाही असंही नाही. केनियातली चाचणी ज्या प्रकल्पाची, त्याचाच मोझांबिकमध्ये मोपेया इथे दुसरा भाग होता. तिथे खरूज आणि डोक्यातल्या उवा कमी झाल्या, आणि ढेकूण कमी झाल्याचं लोकांनी आपणहून सांगितलं. रात्रभर खाजवणाऱ्या पोराच्या आईला विचारा याची किंमत.

द्राक्षवाला_निफाड
ढेकणांवर चालतंय? मग आमच्या मजुरांच्या खोल्यांसाठी मीच अर्ज करतो! चेष्टा सोडा, काकांनी बागेवरच्या खोपटांचं लिहिलं ते वाचून विचारात पडलो. आमच्याकडं दर हंगामाला पेठची आठ-दहा कुटुंबं असतात. त्यांचा ताप निघाला तर आम्ही मेडिकलमधून गोळी आणून देतो. रक्त तपासायचं कोणाच्या मनातच येत नाही. शेततळंही खोपटापासून हाकेवर.

जुना_आरोग्यसेवक
@द्राक्षवाला, तापाची गोळी द्या, पण त्याआधी रक्त तपासा. आशाताईकडे झटपट तपासणीची पट्टी असते, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. हंगामाच्या सुरुवातीला मजूर आले की त्यांची नावं उपकेंद्रात कळवा, एवढं केलंत तरी मोठं काम होईल.

सातपूरकर
सिंहस्थ २०२७ चा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येणार, त्यात हिवतापाच्या पट्ट्यातलीही. तपोवनात, साधुग्रामात पाण्याच्या तात्पुरत्या टाक्या हजारोंनी लागतील. या गोळीचा तिथे काही विचार?

जुना_आरोग्यसेवक
चार दिवस येऊन जाणाऱ्याला गोळी देऊन काय साधणार? तिथे टाक्यांना घट्ट झाकण, साचलेल्या पाण्यात टेमेफॉस हे अळीनाशक, आणि तापाच्या प्रत्येक माणसाची तपासणी. गोळी शोभते ती जिथे लागण सतत चालू आहे तिथे. आपल्या राज्यात म्हणाल तर गडचिरोली. जंगल, पाडे, फाल्सिपेरम, आणि संध्याकाळी घराबाहेर चावणारे डास. २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवायचं ठरलंय, त्यातलं अवघड काम अशा जागीच उरणार आहे.

गोदाकाठ
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं सांगतो. पहिल्या प्रश्नावर मनीषाताईंच्या बाजूने: समजावून दिली तर मीही घेईन, आणि गडचिरोलीत अशी चाचणी व्हावी असं मनापासून वाटतं. गोठ्याचा नाद मात्र सुटलेला नाही. आमच्या पाड्यावर दुभती जनावरं थोडी, बैल आणि गोऱ्हेच जास्त. डॉक्टर, पावसाळ्याच्या तोंडाला गोचिडांसाठी तसंही टोचतातच. ते पाड्यावर सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तर चालेल?

जनावरांचा_डॉक्टर
गोचिडांसाठी गरज असेल तर जरूर, एकाच आठवड्यात केलंत तर गोचिडांवरही जास्त परिणाम होतो. डोस वजनावर, अंदाजपंचे नको. पशुधन अधिकाऱ्यांशी बोलून तारीख घ्या, शेण बाजूला ठेवायचं आधीच सांगा. पण हिवताप थांबेल असा शब्द गावाला देऊ नका, तो मी देऊ शकत नाही.

सटाण्याची_शेती
शेण बाजूला ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. पत्र्यावर पातळ पसरा, वरचेवर उलटत राहा.

द्राक्षवाला_निफाड
शेततळ्यासाठी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे कुठं मिळतील? विकत घ्यायचे का?

जुना_आरोग्यसेवक
विकत कशाला? प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांची पैदास केंद्रं असतात. सकाळी उन्हाच्या आत जा, बरणी घरूनच न्या, काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा ठेवा. आणि तळ्यात सोडल्यावर फवारणीचा पंप त्यात धुऊ नका.